नव्वद रुपये कमी, व्याज तीस हजारांवर

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ध्यानीमनी नसताना फायनान्स चार्ज लागला, अशी तक्रार कुणी केली की उत्तरं ठरलेली असतात. पैशांचं नियोजन शिकवणारे म्हणतात, ‘शिस्त नसेल तर कार्ड वापरूच नये.’ बँकेतली माणसं म्हणतात, ‘अटी मान्य करून सही केली होती ना?’ आणि घरातली माणसं जरा मायेनं म्हणतात, ‘अहो, एवढ्याशा रकमेसाठी डोक्याला ताप कशाला? भरून टाका आणि मोकळे व्हा.’

तिन्ही उत्तरांत एक गृहीतक आहे. चूक ग्राहकाची, आणि लागलेला आकार त्या चुकीच्या मापाचा. चूक ग्राहकाची असते, हे बहुतेक वेळा मला मान्य आहे. आकार तिच्या मापाचा असतो, हे मात्र साफ खोटं आहे, आणि ते हिशेबानंच दाखवता येतं.

समजा, १० जूनला कार्डावर ३०,०९० रुपयांचा फ्रिज घेतला. ५ जुलैला बिल आलं, भरण्याची शेवटची तारीख २५ जुलै. त्या दिवशी मोबाइलवरून ३०,००० भरले, वरचे नव्वद राहिले. हाताने आकडा टाकताना असं होतं. कुणी मुद्दाम गोल रक्कम भरतो, कुणी दुकानदाराकडून येणाऱ्या परताव्याच्या भरवशावर कमी भरतो. आता ५ ऑगस्टच्या बिलावर काय यावं? सामान्य माणूस म्हणेल, नव्वद रुपयांवरचं व्याज. कार्डाचा दर महिना पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५ टक्के धरला आणि खरेदीच्या दिवसापासून मोजलं, तरी नव्वद रुपयांचं छप्पन्न दिवसांचं व्याज सव्वासहा रुपयांच्या आतबाहेर होतं.

प्रत्यक्षात येतं ते वेगळं. मागचं बिल पूर्ण भरलं नाही, म्हणून बिनव्याजी मुदत गेली. ती गेली म्हणून ३०,०९० या अख्ख्या रकमेवर १० जूनपासून २५ जुलैपर्यंत पंचेचाळीस दिवसांचं व्याज, म्हणजे सुमारे १,६६९ रुपये. पुढच्या अकरा दिवसांसाठी नव्वद रुपयांवर सव्वा रुपया. त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ३०० रुपये. एकूण १,९७१. राहिलेल्या रकमेच्या जवळजवळ बावीस पट. शिवाय मुदत गेल्यामुळे नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. १० जुलैला आणखी १२,००० खर्च केले असतील, तर त्यांचं ५ ऑगस्टपर्यंतचं व्याज आणि कर मिळून साडेचारशे रुपये वेगळे. ही कल्पनेची भरारी नाही. अनेक बँकांच्या ‘महत्त्वाच्या अटी व शर्ती’ नावाच्या पत्रिकेत हिशेबाची जी उदाहरणं छापलेली असतात, त्यांची रीत हीच असते.

या आकड्यात ३०,००० रुपये वेळेवर भरल्याची नोंद कुठे दिसते? पंचवीस तारखेनंतर ते वजा होतात, हे खरं. पण पंचवीसच्या आधीच्या दिवसांसाठी, भरलेल्या आणि न भरलेल्या पैशांत बँक काहीही फरक करत नाही. वाण्याच्या वहीत तीन हजारांपैकी पन्नास राहिले, तर तो पुढच्या पानावर ‘मागील बाकी ५०’ लिहितो. फेडलेल्या दोन हजार नऊशे पन्नासांवर मागच्या तारखेपासून व्याज लावायची कल्पना त्याला सुचणार नाही, आणि सुचली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.

आता शिस्तीचं बघू. या आकाराचा फटका बेशिस्त माणसाला बसतो, हेच मुळात चूक आहे. दर महिन्याला फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरून बाकी पुढे ढकलणाऱ्याला आपण व्याज भरतोय हे ठाऊक असतं. त्याच्या बिलावर फायनान्स चार्ज आला तर तो दचकत नाही. दचकतो तो ९९.७ टक्के बिल वेळेवर भरलेला माणूस. त्याच्याच बाबतीत थकबाकी आणि आकार यांचं प्रमाण सर्वांत विचित्र होतं, कारण थकबाकी जितकी लहान तितका हा पट मोठा. निम्मं बिल थकवणाऱ्याला त्याच्या थकबाकीच्या मानाने कमी भुर्दंड, आणि नव्वद रुपये चुकवणाऱ्याला बावीस पट! शिस्त लावायचा हा कुठला प्रकार?

गंमत म्हणजे इतकी क्षुल्लक थकबाकी हा गुन्हा नाही, हे बँकांनाही पटलेलं आहे. लेट फीचा तक्ता काढून बघा. शंभर रुपयांच्या आतल्या थकबाकीला अनेक बँका लेट फी लावतच नाहीत, काहींची मर्यादा तर पाचशेपर्यंत आहे. म्हणजे एकाच बिलात, एकाच नव्वद रुपयांबद्दल, लेट फीचा रकाना म्हणतो ‘किरकोळ आहे, सोडून द्या’ आणि फायनान्स चार्जचा रकाना म्हणतो ‘तीस हजारांचं व्याज काढा’.

तीन दिवसांच्या सवलतीचंही असंच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार थकबाकी तीन दिवसांहून अधिक राहिली तरच लेट फी लावता येते आणि तरच क्रेडिट स्कोअर ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवता येतं. हे ऐकून लोक निर्धास्त होतात आणि सत्तावीस तारखेला भरतात. लेट फी लागत नाही, स्कोअरही शाबूत राहतो. पण बिनव्याजी मुदत पंचवीसलाच संपलेली असते, आणि पुढच्या बिलात फायनान्स चार्ज हजर होतो. ग्राहकाला वाटतं आपल्याला फसवलं, बँकेला वाटतं आपण नियमात आहोत, आणि दोघांचंही बरोबर असतं.

एक प्रकार मात्र असा आहे जिथे मी बँकेच्या बाजूने बोलेन. एखाद्या महिन्यात बाकी पुढे गेली, पुढच्या महिन्यात बिलावरची सगळी रक्कम भरली, तरी त्याच्या पुढच्या बिलात चाळीस-पन्नास रुपये पुन्हा उगवतात. लोक सर्वांत जास्त यावर चिडतात, ‘सगळं भरलं तरी कसं?’ म्हणून. बिल निघाल्याचा दिवस आणि पैसे भरल्याचा दिवस यांच्यामध्ये जे दिवस गेले त्यांचं हे व्याज असतं. पैसे तेवढे दिवस वापरले गेले, त्याचं मोल मागितलं, यात लबाडी नाही. लबाडी आहे ती बिलावर ‘एकूण देय रक्कम’ असं ठळक छापून, ही रक्कम भरली तरी हिशेब मिटत नाही हे न सांगण्यात. आज भरलं तर किती आणि अमुक तारखेला भरलं तर किती, हे सांगणं आजच्या संगणकांना अवघड नाही. कर्ज मुदतीआधी फेडायला गेलं की हीच बँक त्या दिवसाचा नेमका आकडा पैशांसह देते.

दुसरं उत्तर सहीचं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं ७४ वं कलम म्हणतं की कराराचा भंग झाला तर दंड म्हणून जी रक्कम आधीच लिहून ठेवली असेल ती जशीच्या तशी वसूल होत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की कसूर झाल्याच्या तारखेपासून वाढीव व्याज लावण्याची अट ही दंडाची अट असू शकते. इथे तर व्याज कसुरीच्या आधीच्या तारखेपासून धावतं. नव्वद रुपये २५ जुलैला थकले आणि दंड १० जूनपासून. बँकेचा वकील म्हणेल, हा दंड नव्हे, ही सशर्त सवलत होती, शर्त मोडली म्हणून सवलत गेली. युक्तिवाद हुशार आहे. पण दंडाला ‘गेलेली सवलत’ हे नाव देऊन त्याचं माप बदलत नाही. सव्वासहाच्या जागी १,६७० आकारणाऱ्या गोष्टीला भरपाई म्हणायला जीभ रेटत नाही.

दंड व्याजाच्या वेशात फिरतो, ही शंका माझी एकट्याची नाही. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बजावलं की कर्जखात्यांवर दंड लावायचा तर तो दंड म्हणूनच लावावा, व्याजदरात मिसळू नये, त्यावर पुन्हा व्याज लावू नये, आणि तो कसुरीच्या प्रमाणात असावा. दंड हे उत्पन्न वाढवायचं साधन नव्हे, असा त्यामागचा विचार होता. घरकर्जाला, वाहनकर्जाला हे लागू झालं. क्रेडिट कार्ड मात्र वगळलं, कारण त्याचे निर्देश वेगळे आहेत. वेगळे आहेत, मान्य. पण तत्त्व वेगळं का असावं?

सहीची बाजू घेणारे हल्ली सर्वोच्च न्यायालयाचाही दाखला देतात. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. पुढे त्या निकालाला स्थगिती मिळाली आणि २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. उभयपक्षी ठरलेल्या अटी पुन्हा लिहिण्याचा अधिकार आयोगाला नाही, व्याजदर हा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतला विषय आहे, असा त्याचा गाभा. ठीक. निकाल डोक्यावर घेऊ. पण तो वाद दराचा होता. माझा वाद दराशी नाही, तो दर कोणत्या रकमेला लावता याच्याशी आहे. आणि ज्या दारात जायला न्यायालयाने सांगितलं त्याच दारात हा लेख उभा आहे.

(दराबद्दल एकच वाक्य, राहवत नाही म्हणून. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं, तर राज्य सरकारने २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरवून दिलेली कमाल मर्यादा वर्षाला १८ टक्के आहे. बँका त्या कायद्याच्या बाहेर आहेत.)

मग निघतं शेवटचं अस्त्र. ‘पंचेचाळीस-पन्नास दिवस फुकट पैसे वापरता, वर कुरकुर?’ फुकट कुणाला? दुकानात कार्ड घासलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. साधारण दीड-दोन टक्के कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बिनव्याजी मुदतीचं मोल दुकानदार आधीच चुकवतो, आणि तो ते किमतीत मिळवत असेल तर रोख देणारं गिऱ्हाईकही चुकवतं. कार्डाची वार्षिक फी असेल तर ती वेगळी. बँकेने धंदा करावा, नफा करावा. पण एकदा विकलेली मुदत दुसऱ्यांदा विकताना तिला उपकार म्हणू नये.

हे सगळं बदलता येत नाही, कार्डाचा धंदाच असा चालतो, असं कुणाला वाटत असेल तर त्याने अमेरिकेकडे बघावं. कार्डाच्या बाबतीत तो देश काही संतांचा नव्हे, कर्जात बुडालेल्यांच्या कहाण्या तिथेच जास्त. तरीही २००९ मध्ये तिथल्या काँग्रेसने कार्डधारकांसाठी कायदा केला आणि त्यातला हा भाग फेब्रुवारी २०१० पासून लागू झाला. त्यानुसार बिनव्याजी मुदत गेली तरी, त्या मुदतीच्या आत भरलेल्या भागावर व्याज लावता येत नाही. मुदत गेल्याच्या निमित्ताने ताज्या बिलचक्राच्याही मागे जाऊन व्याज काढणं तर बंदच झालं. आपल्या उदाहरणात मांडायचं, तर वेळेवर आलेल्या तीस हजारांना हात लावायचा नाही, नव्वदचं काय ते बघा. या नियमाखाली तिथल्या बँका बुडाल्या नाहीत. कार्डांवरची बक्षिसं आणि विमानतळावरच्या आलिशान खोल्याही बंद झाल्या नाहीत.

आपली रिझर्व्ह बँक या मुक्कामाच्या जवळ येऊन थांबली आहे. लेट फी ही एकूण बिलावर नव्हे, तर देय तारखेनंतर राहिलेल्या रकमेवरच लावावी, हे तिने २०२२ मध्ये सांगितलं. देय तारखेच्या आत आलेला परतावा लगेच देय रकमेत वळता करावा, हेही सांगितलं. मार्च २०२४ च्या दुरुस्तीत, भरणा आणि परतावे वजा जाता उरलेल्या थकबाकीवरच व्याज आकारावं, असंही घातलं. वाचताना वाटतं, झालं की काम. पण वजाबाकी कोणत्या तारखेपासून, हे त्यात नाही. बँक म्हणते, पैसे आले त्या दिवसापासून, त्याआधीच्या पंचेचाळीस दिवसांत थकबाकी पूर्णच होती. एवढ्या एका फटीतून १,६६९ रुपये निघतात. देय तारखेच्या आत भरलेल्या रकमेवर कोणत्याही दिवसाचं व्याज लावता येणार नाही, इतकं एक वाक्य ही फट बुजवायला पुरे आहे.

उरलं मायेचं उत्तर, ‘भरून टाका’. याच्याशी भांडणं सर्वांत कठीण, कारण ते देणारा आपल्या काळजीपोटी देतो. पण जरा विचार करा. पहिल्यांदाच असा चार्ज लागलेला, एरवी नियमित भरणारा ग्राहक कस्टमर केअरला फोन करतो, नेटाने बोलतो, आणि बरेचदा पलीकडची व्यक्ती दोन मिनिटं थांबवून सांगते, ‘सर, एक वेळची सवलत म्हणून रिव्हर्स केलंय.’ लोक खूश होतात. मला यात पुरावा दिसतो. उसन्या पैशांची खरी किंमत असती तर ती एका फोनवर माफ झाली नसती. जो आकार मागणाऱ्याला माफ होतो आणि न मागणाऱ्याकडून वसूल होतो, तो गप्प बसणाऱ्यावरचा कर असतो. आणि गप्प कोण बसतं? ज्याला कामाच्या वेळेत फोनवर अर्धा तास थांबणं परवडत नाही, बिलावरचं इंग्रजी ज्याला उलगडत नाही, किंवा जो मुळात बिल उघडतच नाही.

त्यामुळे फोन कराच. चार्ज कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेपासून, किती दिवसांचा, हे लेखी मागा. व्याजासाठी धरलेली थकबाकी कशी काढली ते बिलातच ठळक दाखवावं, असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. बहुतेक बिलांवर मात्र ‘फायनान्स चार्जेस’ एवढीच एक मुकी ओळ असते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही. आणि तोवर ऑटो डेबिट लावून ठेवा, पण ते ‘मिनिमम’ला लागलंय की ‘टोटल’ला, हे तपासून. शिस्तवाल्यांचा हा सल्ला सोन्यासारखा आहे. त्याने माझं व्याज वाचेल. आकारणी न्याय्य आहे की नाही, या प्रश्नाला मात्र ते उत्तर नव्हे.

लहान लहान ओळींकडे लक्ष द्यायचं आणखी एक कारण आहे. कर्जावरच्या व्याजाला सर्वसाधारणपणे जीएसटी नाही. त्याला कायद्यात जे अपवाद केले, त्यांत क्रेडिट कार्डावरचं व्याज येतं. म्हणून ‘नो कॉस्ट इएमआय’वर फोन घेतलेल्याच्या बिलात दर महिन्याला वीस-पंचवीस रुपयांची एक ओळ येत राहते. व्याजाइतकी सूट दुकानाने किमतीत दिलेली असते, पण बँकेच्या वहीत व्याज हे व्याजच, आणि त्यावर १८ टक्के कर. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा कर वेगळे. ‘नो कॉस्ट’ची पाटी लावणाऱ्याने हे दुकानातच सांगितलं तर पाटी खाली उतरवावी लागेल, म्हणून कुणी सांगत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, तेव्हा त्यांनी जाळले ते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात व्याजाइतकीच काळजी हिशेबाची घेतली होती. ऋणकोला पैसे भरल्याची पावती मिळावी, खात्याचा वार्षिक उतारा मिळावा, असं त्यात लिहिलेलं आहे. फ्रिजचं बिल भरणाऱ्याची बरोबरी त्या शेतकऱ्याशी करणं हास्यास्पद होईल, मी ती करत नाही. मी म्हणतो ते इतकंच की धनकोची वही ऋणकोला वाचता आली पाहिजे, हा आग्रह आपल्याकडे दीडशे वर्षं जुना आहे आणि तो आता एका पीडीएफपुढे सोडून द्यायचं कारण नाही.

बँकवाल्या मित्रांचा शेवटचा मुद्दा असा की हे उत्पन्न बंद झालं तर वार्षिक फी वाढेल, बक्षिसांचे पॉइंट घटतील, आणि शिस्तीने भरणाऱ्यांनाच ते महाग पडेल. असेल. मग वाढवा फी. पाचशेच्या जागी आठशे करा, आणि तो आकडा अर्जाच्या पहिल्या पानावर छापा, म्हणजे घेणारा इतर बँकांशी तुलना करून घेईल किंवा नाही घेणार. आज मात्र माझ्या पॉइंटांचा थोडाफार खर्च नव्वद रुपये विसरलेल्या कुणाच्या तरी १,९७१ रुपयांतून निघतो, आणि तो कुणीतरी कोण हे दर महिन्याला बदलत असल्यामुळे बोंब कुणीच मारत नाही.